अंबरिकेत दुपारी लाइट जाते

परवा भर दुपारी आमच्या बदलापूरच्या सोसायटीत लाइट गेली. आता लाइट जाणं ही काही सांगण्यासारखी गोष्ट राहिलेली नाही. खाली जनरेटर घरघरला, लिफ्ट चालू झाली, जिन्यातले दिवे लागले, घरातला पंखा तेवढा बंद राहिला. लेक आतून ओरडली, "आई, वायफाय गेलं!" तिच्या मते लाइट जाण्याचा अर्थ एवढाच. मी गॅलरीत येऊन उभी राहिले. खाली रस्त्यावर जांभूळवाली टोपलीवर ओला फडका टाकून सावलीला बसली होती. पंखे बंद पडल्यामुळे घरं एकदम गप्प झाली होती आणि एरवी कानावर न येणारे आवाज येत होते. त्यातला एक समोरच्या फ्लॅटमधल्या खोकल्याचा. कोरडा, लांबलेला, मधे श्वासाला जागाच न ठेवणारा. इतकी वर्षं झाली, पण उकाडा, थांबलेला पंखा आणि खोकला एकत्र आले की मी पुन्हा अंबरनाथच्या त्या घरात जाऊन उभी राहते.

ती वर्षं लोडशेडिंगची. पेपरात त्याला भारनियमन असा भारदस्त शब्द होता, पण तो पेपरातच राहिला. आमच्याकडे लोक नुसतं "आज कधी जाणार?" एवढंच विचारायचे आणि समोरच्याला बरोबर कळायचं. मी उल्हासनगरच्या कॉलेजात एस. वाय.ला होते. परीक्षा घामात उरकल्या आणि मे महिना आ वासून पुढे उभा राहिला. अंबरनाथ पूर्वेला, सकाळी डोळे उघडायच्या आधी नाकाला कळायचं की वारा आज कुठून आलाय. कारखान्यांकडून आला की आई खिडक्या लावून घ्यायची. लावल्या की जीव उकडून निघायचा, उघडल्या की बाबा खोकायचे. उल्हासनगरला जाताना वालधुनी नदी लागायची. एखाद्या दिवशी ती जांभळी, एखाद्या दिवशी गढूळ पिवळी. रिक्षातली सगळी माणसं पुलावर एकदम रुमाल काढायची आणि पूल संपला की एकदम खिशात घालायची. कुणी कुणाकडे बघायचं नाही, काही बोलायचं नाही. सवयच तशी झाली होती.

बाबा रंग बनवणाऱ्या एका कंपनीत होते. जन्मभर पावडरीची पोती फोडून मशीनमध्ये ओतली. संध्याकाळी त्यांचा रुमाल कधी पिवळा असायचा, कधी निळा, आणि लहानपणी मला त्याची फार मजा वाटायची. आज कुठला रंग निघणार, यावर मी आईशी पैज लावायचे. पुढे दम लागायला लागला, रजा संपल्या आणि बाबा घरी बसले. डॉक्टरांनी वाफेचं मशीन घ्यायला लावलं, नेब्युलायझर. बुटाच्या खोक्याएवढं, वर नळी, नळीच्या टोकाला मास्क. औषध घालायचं, बटण दाबायचं आणि वाफ ओढायची. ते घडघडायला लागलं की बाबांचे वर चढलेले खांदे हळूहळू खाली यायचे. खिशात फुसफुस करणारा छोटा पंप असायचाच, पण दम जोरात लागला की तो काही कामाचा नव्हता. मशीन लागायचंच, आणि मशीनला लाइट लागायची. बाबांचा दम नेमका दुपारी उठायचा आणि लाइटही दुपारीच जायची. इन्व्हर्टरचा विषय निघाला की आई उठून भांडी घासायला जायची. तेव्हा आमच्या घरची भीती ही अशी होती. तिला वेळापत्रक होतं आणि ते पेपरात छापून यायचं.

आता आमच्या गल्लीची एक गंमत सांगते. गल्लीच्या आमच्या बाजूला एका फिडरवरून लाइट यायची आणि समोरच्या बाजूला दुसऱ्या. त्यामुळे आमची गेली की समोर असायची आणि समोरची गेली की आमच्याकडे असायची. मधे रस्ता केवढा, तर दोन रिक्षा कशाबशा जातील एवढा. मग काय, लोकांनी आपसात लावून घेतलं. आमची लाइट गेली की आमच्याकडच्या बायका मिक्सरची भांडी घेऊन समोर, त्यांची गेली की त्या इकडे. पूर्ण मिक्सर न्यायची गरज नव्हती, कारण अख्ख्या गल्लीने उल्हासनगरच्या एकाच दुकानातून एकाच जातीचा मिक्सर घेतलेला. त्यावर कंपनीचं नावसुद्धा नव्हतं. कुणाचंही भांडं कुणाच्याही मोटरवर फट्‌ दिशी बसायचं. भांड्यात खोबरं, मिरच्या, लसूण भरायचं, झाकण दाबून धरायचं आणि रस्ता ओलांडायचा. मोबाइल चार्जिंगला जायचे, इस्त्रीचे कपडे जायचे, एकदा तर लग्नाच्या मुलीचे केस वाळवायला ती मुलगीच समोर गेली होती. आभार मानायची पद्धत नव्हती. उद्या त्यांची जाणार आहेच की!

समोर म्हात्रेकाकूंचं बैठं घर होतं. आम्ही येण्याच्या कितीतरी आधीपासूनची ती माणसं. एकेकाळी या सगळ्या बिल्डिंगांच्या जागी त्यांची भातशेती होती, हे त्या इतक्या सहज सांगायच्या की ऐकणाऱ्यालाच चुटपुट लागावी. काकूंचा आवाज खणखणीत. ओट्यावर उभ्या राहून त्या आमच्या पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीशी बोलायच्या.

"काय गो, बापूस कसा हाय तुजा?"

"बरे आहेत काकू."

"बरा हाय त खोकतंय कोन? आन त्याला हिकरं, मशीन घेऊन. आमचे घरान लाइट हाय."

मी आत वळून बघायचे. बाबा मान हलवायचे. नाही. खाटेची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, आणि मान मात्र ठाम नाही म्हणत असायची.

"बाबा, चला ना. समोर तर जायचंय."

"लोकांच्या घरी जाऊन खोकायचं काय?"

"सगळे जातात!"

"सगळे कामाला जातात. चटणी वाटायला जातात. मी काय वाटायला जाऊ?"

हा माणूस असा का, हे मला माहीत होतं, म्हणूनच जास्त राग यायचा. त्यांच्या लहानपणी गावात दुसऱ्यांच्या ओट्यावर पाय ठेवायची आमच्या लोकांना सोय नव्हती. पाणी हवं असेल तर अंगणाच्या कडेला उभं राहायचं, कुणाला दया आली तर वरून ओंजळीत पडणार. आजोबांनी दीक्षा घेतली, गाव सोडलं, बाबा नोकरीला लागले, स्वतःचं घर घेतलं. त्या घरात शिरताना त्यांनी मनाशी एकच ठरवलं असणार, की आता कुणाच्या दारात काही मागायला उभं राहायचं नाही. म्हात्रेकाकू काही तसल्या नव्हत्या. त्यांच्या घरी आई बसायची, चहा प्यायची, काकू आमच्याकडे जेवून जायच्या. हे बाबांना कळत नव्हतं असं नाही. पण शरीरात बसलेली गोष्ट डोक्याने समजावून निघत नाही, हे मला पार चाळिशीला आल्यावर समजलं. तेव्हा मी फक्त चिडायचे. अहो, श्वास चाललाय तुमचा आणि तुम्हाला मान कसला सुचतोय? असं मी एकदा तोंडावर बोलले.

घरात एवढी काळजी, आणि मी काय करत होते? राष्ट्र चालवत होते. हसू नका. उल्हासनगरला माझा कॉम्प्युटरचा क्लास होता, आणि क्लास सुटला की बाजूच्या सायबर कॅफेत मी तासभर बसायचे. तिथे इंटरनेटवर एक खेळ होता. जगभरातली पोरंपोरी एका फोरमवर जमायची, प्रत्येकाने आपलं एक काल्पनिक राष्ट्र काढायचं आणि त्याचा कारभार लिहायचा. चित्रं नाहीत, धडाधड गोळ्या नाहीत, सगळं लेखी. आपल्या राष्ट्रात काय घडतंय ते लिहायचं, दुसऱ्याशी तह करायचे, भांडणं करायची, आणि बाकीच्यांना ते पटलं तरच ते खरं धरायचं. माझ्या राष्ट्राचं नाव अंबरिका. इंग्रजी माझं यथातथाच, डिक्शनरी मांडीवर घेऊन मी राज्य करत होते.

उल्हासनगरच्या त्या बाजारात लाइट गेली की दुकानादुकानांपुढे जनरेटर सुरू व्हायचे. फुटपाथभर धडधड आणि रॉकेलचा धूर. कॅफेवाले अंकल सिंधी होते, पुढे मोबाइलची कव्हरं विकायचे आणि मागे कॉम्प्युटर. ते मला "मॅडम प्रधानमंत्री" म्हणायचे. "आज क्या बनाया, मॅडम?" असं विचारायचे आणि उत्तर ऐकायच्या आत गिऱ्हाइकाकडे वळायचे. मी काय बनवत होते? बॅटरी. पहिल्याच आठवड्यात मी जाहीर करून टाकलं की अंबरिकेने कधीच न संपणारी बॅटरी शोधली आहे आणि देशातल्या प्रत्येक घरात ती बसली आहे. वाटलं, आता सगळी राष्ट्रं माझ्या पायाशी येतील.

कसलं काय! त्या खेळाला एक पंच होता. तो कुठल्या देशाचा, म्हातारा की तरुण, बाई की पुरुष, मला कधीच कळलं नाही. नवीन यंत्र आणायचं तर त्याची परवानगी लागायची. लेसरची विमानं, बोलणारी यंत्रं, चंद्रावरच्या खाणी, नवी पोरं रोज काहीतरी आणून टाकायची आणि तो शांतपणे परत पाठवायचा. मला त्याने लिहिलं, "तुमच्या देशात कालपर्यंत काय वापरत होते? ही बॅटरी बनवायला कोण शिकलं, त्याला कोणी शिकवलं? पहिली बिघडली तेव्हा काय झालं? आणि अजून ती कुणाच्या घरी पोचलेली नाही?" मी वैतागले. खेळ आहे की मुलाखत? पण नाद लागला खरा. मी बसून लिहायला लागले. पहिली बॅटरी एवढी जड की बैलगाडीतून न्यावी लागली. दुसरी तापून फुटली आणि एका कारखान्याचं छप्पर उडालं. शिकलेली माणसं दुसऱ्या देशात पळाली. तांबं कमी पडलं. जसजशी मी अडचणी घालत गेले, तसतशी ती बॅटरी माझी मलाच खरी वाटायला लागली. नुसतं यंत्र सांगितलं तर ते जादूसारखं वाटतं. त्याच्यामागची खटपट सांगितली की मग ते कुणाच्यातरी घरात ठेवलेलं दिसायला लागतं. हे मला कुठल्या पुस्तकात नाही, त्या धुरकट कॅफेत कळलं.

मग माझ्याकडून एक घोळ झाला. अंबरिकेच्या राजधानीचं वर्णन करताना मी ओघात लिहून गेले की दुपारी पूर्व भागातली लाइट गेली की बायका मिक्सरची भांडी घेऊन रस्ता ओलांडतात, कारण पलीकडे असते. झालं! व्होल्गार्ड नावाचं राष्ट्र चालवणारा एक आगाऊ होता, त्याने ते बरोबर उचललं. न संपणारी बॅटरी आणि दुपारी वीज नाही? हा कसला प्रगत देश? खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. माझे कान तापले. खरं सांगू, मला तोपर्यंत सुचलंच नव्हतं की जगात असेही देश असतील जिथे दुपारी लाइट जातच नाही. दुपार म्हटली की ती जाणार, हे मी हवापाण्यासारखं धरून चालले होते. चंद्रावर वस्ती केली असती तरी मी तिथे लोडशेडिंग ठेवलं असतं.

पण पंचाने लिहिलं, "व्होल्गार्डच्या लेसरवर माझा विश्वास नाही. या बायकांवर आहे. जुनं एकदम जात नाही, नवं सगळीकडे एकदम येत नाही. हे राहू द्या." मी खुर्चीतच उडी मारली. अंकल म्हणाले, "क्या हुआ, लॉटरी लगी?" पुढे पंचाचं आणखी एक वाक्य होतं, ते मी नंतर वाचलं. "पण जो माणूस रस्ता ओलांडून जात नाही, त्याचं तुमचा देश काय करतो?"

कुठल्यातरी दूरच्या देशातल्या, मला न ओळखणाऱ्या माणसाने आमच्या खाटेवरच बोट ठेवलं होतं. मी स्क्रीनवरची खिडकी बंद केली आणि उठले. परतताना पुलावर सगळ्यांनी रुमाल काढले, माझा काढायचा राहिला.

त्यानंतर मी जो उपद्व्याप केला तो खेळाच्याच नादाने. माणूस जात नाही ना, मग लाइटच त्याच्याकडे न्यायची. अंबरिकेत मी घराघरांमध्ये वायरी ओढून टाकल्या, आणि तो कागदावरचा उत्साह घेऊन उल्हासनगरच्या बाजारातून खरी वायर आणली. काळ्या वायरचं भेंडोळं आणि दोन बोर्ड. काकूंच्या खिडकीतून आमच्या गॅलरीत सरळ ओढायची. काकू तयार होत्या. "खेच गो, माजा काय जातंय?" बाबांनी भेंडोळं हातात घेऊन उलटसुलट बघितलं.

"रस्त्यावरून नेणार?"

"हो."

"वारा सुटला, पिळली, खाली पोराच्या अंगावर पडली म्हणजे?"

त्यांनी भेंडोळं उचलून माळ्यावर टाकलं. त्यांचं म्हणणं बरोबर होतं, आणि ते बरोबर असल्याचाच मला संताप आला. त्या दुपारी त्यांना पुन्हा दम लागला. आई एका शाळेत सेविका होती, तिला सुट्टीतही जावं लागायचं. मी एकटीच पुठ्ठ्याने वारा घालत बसले. बाबांच्या गळ्यातून बारीक शिट्टी वाजायची. नखं निळसर झाली होती. मशीन समोर टेबलावर, मास्क वर उलटा पडलेला. समोर काकूंच्या घरातला पंखा आमच्या खिडकीतून फिरताना दिसत होता. मला त्या पंख्याचा, त्या रस्त्याचा, बाबांचा, सगळ्यांचा राग आला आणि रडूही आलं. लाइट आली तेव्हा बाबांनी स्वतःच बटण दाबलं.

मी पंचाला वायरीचं उत्तर पाठवलं होतं. त्याने ते परत पाठवलं. "यंत्र त्याच्या दारापर्यंत नेलंत. पण तो ते का घेईल, हे लिहिलेलं नाही. तोपर्यंत मला पटत नाही." अंगाचा तिळपापड झाला. का घेईल? अरे, मरतोय म्हणून घेईल! असं मी टाइप केलं आणि पुसलं. कारण ते खोटं होतं. माझा माणूस मरत होता आणि घेत नव्हता.

मग तो दिवस. मी कॅफेत होते. वेळापत्रकाप्रमाणे त्या दिवशी आमच्याकडची लाइट सकाळीच जाऊन आली होती, त्यामुळे मी निर्धास्त. अंकल फोनवर अंबरनाथच्या कुणाशीतरी बोलत होते आणि मला त्यातलं एकच वाक्य ऐकू आलं. "अच्छा, उधर ईस्ट में फिर से गई?" मी स्क्रीन तशीच टाकून निघाले. रिक्षा भरेपर्यंत तो रिक्षावाला हलेना. "भैया, चलो ना, घर में पेशंट है," म्हटल्यावर बाजूच्या बाईनेच त्याला झापलं, "चल रे बाबा, सीट काय पळून चाललीय?" पूल, वास, रुमाल, कारखान्याच्या भिंती, सगळं मागे जात होतं आणि मला एवढंच दिसत होतं, उलटा पडलेला मास्क. आई शाळेत. घरात बाबा एकटे. मनात नको ते सगळं येऊन गेलं. कुणाला आधी कळवायचं, इथपर्यंत.

जिना चढून वर आले तर दाराला कुलूप. बाबा महिनाभर खाली उतरले नव्हते आणि दाराला कुलूप! हॉस्पिटल, म्हणजे हॉस्पिटलच. कठड्याला धरून मी ओरडले, "काकू! म्हात्रेकाकू!"

समोरून काकूंचा आवाज आला, "बोंबलतंस कशाला? हिकरं ये."

मी रस्ता कसा ओलांडला, ठाऊक नाही. काकूंच्या बाहेरच्या खोलीत, भिंतीला टेकून, खुर्चीवर बाबा बसले होते. इस्त्रीचा शर्ट घातलेला. तोंडावर मास्क, बाजूला मशीन घडघडतंय, वाफ हनुवटीखालून निसटतेय. डोळे मिटलेले. खांदे हळूहळू खाली येत होते. आणि मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेलं, आमच्या मिक्सरचं चटणीचं भांडं.

मी समोर उभी राहिल्याचं त्यांना जाणवलं असावं. मास्क जरासा बाजूला करून, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "चटणी वाटायला आलो होतो. म्हटलं, आलोच आहे तर हेही घेऊन टाकू."

मी भांड्याकडे बघितलं. झाकण नीट बसलेलं नव्हतं. आत काही नव्हतं. खोबऱ्याचा कीस नाही, मिरचीचं देठ नाही, स्वच्छ घासलेलं रिकामं भांडं. त्या अवस्थेत, एका हातात मशीनची पिशवी आणि दुसऱ्या हातात ते भांडं घेऊन माणूस जिना उतरला होता, शर्ट बदलून, दाराला कुलूप लावून. मी तोंडातून शब्द काढायच्या आत काकू पुढे आल्या. "द्या, मी वाटतंय," म्हणाल्या, भांडं बाबांच्या मांडीवरून उचललं आणि आत गेल्या. आतून डबे उघडल्याचे आवाज आले. मग मिक्सर फिरला. काकू बाहेर आल्या आणि भांडं बाबांच्या हातात ठेवलं. ते भरलेलं होतं. सुकटीचा वास खोलीभर झाला.

"झाली तुमची चटनी," काकू म्हणाल्या. "मीठ कमी वाटला त घाला घरी."

बाबांनी मान हलवली. मी काकूंच्या तोंडाकडे बघत होते. एवढासुद्धा बदल नाही. डोळ्याच्या कडेला हसू नाही, दया तर नाहीच. चटणी वाटायला आलेल्या माणसाची चटणी वाटून दिली, एवढंच.

संध्याकाळी आईने भांडं उघडलं. "ही कुठली? आपल्याकडे सुकट कधी आणली?"

"वाटून आणली," बाबा म्हणाले. "खा मुकाट्याने."

आईने माझ्याकडे बघितलं. मी भाकरी मोडत होते. तिच्या लक्षात आलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना तिने ते भांडं घासून, पुसून, मशीनच्या शेजारी ठेवलं. त्यात काही घातलं नाही.

त्या उन्हाळ्यात बाबा मग रोज समोर गेले. भांडं हातात असायचंच. कधी आत खरोखरच दाणे असायचे, कधी काहीच नसायचं. मात्र परत येताना ते एकदाही रिकामं आलं नाही. कधी खोबऱ्याची, कधी कैरीची, एकदा तर नुसता गूळ. काकूंची लाइट गेली की बाबा गॅलरीत उभे राहून हाक मारायचे, "म्हात्रेबाई, आहे आमच्याकडे! पाठवा काय असेल ते!" अशी हाक मारताना त्यांचा आवाज वेगळाच लागायचा. अगदी दम कधी लागलाच नसल्यासारखा. मी पंचाला लिहिलं की तो माणूस जाईल, पण त्याच्या हातात काहीतरी न्यायला हवं आणि समोरच्याने आत डोकावून बघायला नको. त्याचं उत्तर एकाच शब्दाचं होतं. मंजूर.

आता तो फोरम नाही. एक दिवस पान उघडेना, अंबरिका आपल्या सगळ्या बॅटऱ्यांसकट बुडाली. काकूंच्या घराच्या जागी टॉवर आलाय. बाबा पुढे काही वर्षं राहिले, मग फुप्फुसांनी साथ सोडली. शेवटचे दिवस मोठ्या हॉस्पिटलात गेले. चारी बाजूंनी यंत्रं, हिरवे आकडे, भिंतीतून येणारा ऑक्सिजन. माझ्या खेळातसुद्धा मी एवढं धाडस केलं नसतं. तिथे लाइट एकदाही गेली नाही. मी बाहेरच्या बाकावर बसून जनरेटरची पाटी वाचायचे आणि मनात म्हणायचे, आता सगळं आहे, बाबा, आता घ्या ना श्वास. एकदा भेटायला आत गेले तर त्यांचे हात चादरीवर काहीतरी धरल्यासारखे गोल झाले होते. मी माझी बोटं त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती धरली नाहीत.

ते भांडं माझ्याकडे आहे. त्याचा मिक्सर कधीच भंगारात गेला, आता ते कशावरच बसत नाही. लेक म्हणते, टाकून दे.

परवा समोरचा खोकला थांबेना. तिथे एक निवृत्त मास्तर एकटेच राहतात, मुलगा पुण्याला. महिन्यापूर्वी लिफ्टमध्ये मी म्हटलं होतं, "काका, काही लागलं तर सांगा हं." ते म्हणाले होते, "छे छे, माझं मी बघतो." ते म्हणताना त्यांनी लिफ्टची कड दोन्ही हातांनी धरली होती. तो आवाज मला नीट माहीत होता. म्हणून मी महिनाभर पुन्हा काही विचारलं नाही.

मी स्वयंपाकघरात गेले. वरच्या फळीवरून भांडं काढलं, पुसलं, झाकण लावलं. लेक दारात येऊन बघत होती. "आई, लाइट नाहीये. कुठे चाललीस?"

जिन्यात जनरेटरचा दिवा जळत होता. मी समोरची बेल दाबली, ती वाजली नाही, म्हणून कडी वाजवली. आतला खोकला एकदम थांबला, कुणीतरी तो दाबून धरल्यासारखा. मग सपातांचा आवाज, आणि बंद दारामागून ताठ, धापा टाकणारा प्रश्न.

"कोण आहे?"

"समोरची, काका," मी म्हटलं. "चटणी वाटायची होती."